मामांचे मैदान

बेळगावकरांना गोल्फ म्हटले की खेळ आठवत नाही, बिबट्या आठवतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात दिसलेला बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला आणि पुढे कित्येक दिवस शहराला दुसरा विषय नव्हता. आसपासच्या शाळा बंद राहिल्या, सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणले, ड्रोन फिरले, बिबट्या काही हाती लागला नाही. त्या दिवसांत बेंगळूरहून मामांचा फोन आला होता. "काय गं, चेंडू शोधायला गेलं तर बिबट्या सापडतोय म्हणे तुमच्याकडं? आमच्याकडं फार तर मुंगूस!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसत राहिले.

हे मामा मूळचे शहापूरचे. गल्लीत विटीदांडू खेळून वाढले, नोकरीसाठी बेंगळूरला गेले ते तिकडचेच झाले. मामी धारवाडच्या. मामा मराठीत विचारणार, मामी कानडीत उत्तर देणार आणि मुले दोन्हीची खिचडी करणार, असा त्या घरातला रिवाज. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच चालते, तेव्हा अधिक सांगायला नको. ऐंशीच्या दशकात वरिष्ठांच्या आग्रहामुळे मामा बेंगळूर गोल्फ क्लबचे सभासद झाले. नात्यात त्याची फार चेष्टा झाली. "पांढरी पँट घालून विटीदांडूच खेळतोय की," असे माझे आजोबा म्हणत. मामांनी ते कधी मनावर घेतले नाही. उलट चिन्नी-दांडूचा हात इथे कामाला येतो, असे ते ऐटीत सांगत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले की मलाही त्यांनी काठी धरायला शिकवली. माझा गोल्फ तेवढाच, सुट्टीपुरता.

गेल्या दिवाळीच्या आधी मामींचा फोन आला, तो मात्र हसण्यासारखा नव्हता. जूनमध्ये मामा मल्लेश्वरमला भाजी आणायला गेले आणि गाडी कुठे लावली तेच विसरले. दोन तास त्याच त्या रस्त्यांवरून फिरत राहिले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मरणशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या आजाराची ही सुरुवात असल्याचे सांगितले. गाडीची किल्ली मामींनी काढून घेतली. एकच प्रश्न दिवसातून चारदा विचारतात. खिशात चिंचोके भरून ठेवतात, लहान मुलासारखे. धुवायला टाकलेल्या पँटमधून मूठमूठ निघतात. मामींनी तेही डॉक्टरांच्या कानावर घातले होते.

"आता ते गोल्फ बंद करायला पाहिजे. नीन हेळवा अवरिगे. तुझं ऐकतात ते."

वाट चुकतील, उन्हात पडतील, ही काळजी मी समजू शकत होते. पण खरे कारण मामींनी थोडा वेळ गप्प राहून मग सांगितले. मामा ज्या चौकडीबरोबर वर्षानुवर्षे खेळत होते, त्यांनी बोलावणे बंद केले होते. सात फटके मारतात आणि पाच सांगतात, असे त्यांच्यातले एकजण दुसऱ्याला म्हणाले आणि ते फिरत फिरत मामींपर्यंत आले. थोडक्यात, मामा खोटे खेळतात.

हा आरोप किती जिव्हारी लागणारा आहे, हे कळायला या खेळाची एक गोष्ट ठाऊक हवी. क्रिकेटला पंच असतो, कबड्डीला असतो. गोल्फमध्ये मोठ्या स्पर्धा सोडल्या तर कोणी नसते. साधारण सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात चेंडू घालायचा आणि त्यासाठी किती फटके लागले ते स्वतः मोजून सांगायचे. जितके कमी तितके चांगले. प्रत्येक होलला अमुक फटक्यांत चेंडू गेला पाहिजे असा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. स्पर्धेत एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून कार्डावर सही केली तर खेळाडू बाद होतो. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक फटका जास्त लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि फेरसामन्यात जोन्स हरला. मामांनी ही गोष्ट मला मी आठवीत असताना सांगितली होती आणि नंतर इतक्यांदा सांगितली की आम्ही मुले ती त्यांच्या सुरात म्हणून दाखवायचो. त्या माणसावर हा आळ.

सांगायचे ते सांगू, पण आधी एकदा डोळ्यांनी बघून घेऊ, असे ठरवून दिवाळीच्या सुट्टीत मी राणी चन्नम्माने बेंगळूर गाठले. मामांना म्हटले, पुष्कळ दिवसांत खेळले नाही, नऊ होल तरी खेळूया. मामींनी माझ्याकडे रोखून पाहिले. मामा तेवढ्यात बूट शोधायला गेलेसुद्धा.

सँकी रोडने जाताना डाव्या-उजव्या बाजूला गाड्यांचा धुरळा, हॉर्न, सिग्नल. विधानसौध काही फार लांब नाही. अशा भर शहरात, फाटकाच्या आत पाऊल टाकले की एकदम झाडे. मामांनी वहीत माझे नाव पाहुणी म्हणून लिहिले. तारीख मात्र शेजारच्या रकान्यात बघून लिहिली, हे माझ्या लक्षात आले.

हा क्लब १८७६ चा. आपल्या देशात गोल्फ त्याच्याही आधी आला होता. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा. पण दक्षिणेत इतके जुने फार नाहीत. म्हैसूर संस्थानचा कारभार तेव्हा इंग्रज कमिशनरांच्या हाती होता आणि बेंगळूरला आपल्या बेळगावसारखीच लष्कराची छावणी होती. साहेब गेला तिथे गोल्फच्या काठ्या घेऊन गेला. १८७६ हे साल इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्याच कारणाने येते. म्हैसूर, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना होरपळून काढणारा मोठा दुष्काळ त्याच वर्षी सुरू झाला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या, हे मला त्या हिरवळीवर उभे असताना जरा टोचले. मामांना म्हणाले तर ते म्हणाले, "तू मास्तरीण. तुला सुट्टीतबी सन आठवणार."

आणखी एक टोचणी सांगून टाकते. शहराच्या पोटात एवढी झाडे, एवढी सावली, आणि आत किती माणसे? बुधवारच्या दुपारी आमच्या नजरेच्या टप्प्यात मोजून नऊ. बाहेर बसथांब्यावर लोक एका फलकाच्या सावलीत उभे होते. खासगी क्लबचे हे सुख मी पाहुणी म्हणून उपभोगले, पण त्याचा हिशेब मला मांडता आलेला नाही. दुसरीकडे असेही वाटते की इथे क्लब नसता तर ही झाडे राहिली असती का? बेंगळूरच्या किती तळ्यांच्या जागी आज वस्त्या आणि बसस्थानके आहेत, ते तिथली जुनी माणसे बोटांवर मोजून दाखवतात.

मैदान आखूड आहे. आजकाल मोठ्या स्पर्धांची मैदाने सात हजार यार्डांच्या पुढे असतात, हे त्याहून बरेच कमी. शहराने चहूबाजूंनी आवळलेले; वाढायला जागाच नाही. नवख्या माणसाला वाटते, आखूड म्हणजे सोपे. तसे नसते. अमेरिकेतले मेरियन हे असेच जुने, आखूड म्हणून नावाजलेले मैदान. २०१३ ची अमेरिकन ओपन तिथे झाली तेव्हा जगातले उत्तमोत्तम खेळाडू आले, आणि चार दिवस खेळून जो जिंकला तो जस्टिन रोजसुद्धा पारच्या एक फटका वरच होता. जागा कमी असली की मैदान आखणारा दुसऱ्या मार्गाने परीक्षा घेतो. वाट अरुंद करतो, ग्रीनला उतार देतो आणि कडेने झाडे उभी करतो.

झाडांचे काम काय? लांब, मोकळ्या मैदानावर चेंडू वाकडा गेला तर तो गवतात पडतो. पुढचा फटका अवघड होतो, पण दिशा मोकळी असते. इथे वाकडा गेला की समोर बुंधा. त्यामुळे ड्रायव्हर नावाची जी सर्वांत लांब काठी, ती पिशवीत ठेवून लहान काठीने बेताचा फटका मारणे शहाणपणाचे. तरुण पोरांना हे पटत नाही. आमच्या पुढे दोन जवान खेळत होते, ते प्रत्येक वेळी ड्रायव्हर काढत आणि प्रत्येक वेळी झाडीत जात. मामा बघून नुसते "हं" करत.

खेळताना मामा कसे होते? प्रामाणिकपणे सांगते, पहिल्या अर्ध्या तासात मला आजार दिसलाच नाही. प्रत्येक झाड त्यांना पाठ होते. हा रेन ट्री, याची डावीकडची फांदी पावसात मोडली म्हणून आता वाट मोकळी झाली. तो गुलमोहर, त्याच्या मुळ्या वर आल्यात, तिथे चेंडू पडला तर काठी मोडशील. एका ठिकाणी माझा चेंडू दोन बुंध्यांच्या मागे गेला. मधून हातभर फट दिसत होती, पलीकडे ग्रीनचा झेंडा. मी काठी उगारली.

"तिथनं वाट दिसते ती तुला दिसते," मामा म्हणाले. "चेंडूला दिसत नाही. आडवा काढ."

मी ऐकले नाही. चेंडू टणकन बुंध्यावर आपटून माझ्याच मागे वीस पावले जाऊन पडला. मामांनी त्यांचा चेंडू झाडीत गेला तेव्हा काय केले? सात नंबरची काठी आखूड धरली, चेंडू फांद्यांखालून जमिनीलगत सरपटवत बाजूच्या मोकळ्या गवतात आणला आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. एक फटका फुकट गेला, पण एकच. माझे त्या होलला नऊ झाले.

आजार दिसला तो दोन फटक्यांच्या मधल्या चालण्यात. "तुमच्या कॉलेजच्या परीक्षा कधी?" त्यांनी विचारले. मी सांगितले. दुसऱ्या होलवर पुन्हा विचारले. चौथ्यावर पुन्हा. तिन्ही वेळा मी उत्तर दिले आणि तिन्ही वेळा त्यांनी नव्याने मान हलवली. डोक्यातला नकाशा शाबूत होता, घड्याळ मात्र कुठेतरी अडकत होते. चाळीस वर्षांपूर्वीचे झाड आठवत होते, दहा मिनिटांपूर्वीचा फटका आठवत नव्हता. आणि हा खेळ नेमका त्या दहा मिनिटांचाच हिशेब मागतो.

आमच्याबरोबर कॅडी होते. पन्नाशी उलटलेले, बारीक, डोक्याला टॉवेल. कॅडी म्हणजे नुसता पिशवी उचलणारा, असा माझाही पूर्वी समज होता. चेंडू कुठे पडला, किती अंतर राहिले, कोणती काठी घ्यावी, ग्रीनचा उतार कुठल्या बाजूला, हे सगळे तो सांगतो. काहीजण त्यातूनच मोठे खेळाडू होतात, बेंगळूरचेच सी. मुनियप्पा कॅडीचे काम करत वर आले आणि २००९ मध्ये इंडियन ओपन जिंकले. बाकीच्यांचे पोट फेरीगणिक मिळणाऱ्या पैशावर. पाऊस पडला, फेरी नाही, पैसा नाही. मामांबरोबर हे कॅडी पंचवीस वर्षे चालत आलेले. मामा त्यांना "गुरू" म्हणतात. बेंगळूरच्या कानडीत गुरू म्हणजे नुसता दोस्त, पण मामांच्या तोंडी त्यात थोडा मराठी गुरूही असावा.

या गुरूंची एक लकब मला सुरुवातीपासून दिसत होती. मामांनी फटका मारला की ते स्वतःच्या खिशावर हळूच थाप मारत. मला वाटले, विडीकाडी चाचपत असतील.

मग सहाव्या होलवर ती वेळ आली. मामांचा चेंडू झाडीत गेला होता. शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून नियम बदलून तीनच केली आहेत. गुरूंनी तो एका मिनिटात पाचोळ्यातून काढून दाखवला. मामांनी आडवा बाहेर काढला, मग ग्रीनवर आणला आणि दोन हलक्या फटक्यांत भोकात घातला. मी मुद्दाम मोजत होते. टीवरून एक, तो झाडीकडे वळला. आडवा एक. ग्रीनच्या अलीकडे पडलेला एक, ग्रीनवर चढवलेला एक आणि शेवटचे दोन. सहा.

मी कार्ड काढले. "मामा, किती?"

"पाच," मामा म्हणाले.

मला कार्डाकडे बघवेना. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. झाडीतून काढलेला तो फटका त्यांच्यापुरता झालाच नव्हता. मी गुरूंकडे पाहिले. ते पटर पुसत होते, मान खाली. पंचवीस वर्षे सोबत चालणाऱ्या माणसानेही काही बोलू नये, याचा मला क्षणभर राग आला. पाच लिहावे की सहा म्हणावे? मामींनी मला ज्यासाठी पाठवले होते ते हेच, आणि बोलायची वेळही हीच होती.

तेवढ्यात मामांनी उजव्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. तळहातावर चिंचोके. अंगठ्याने एकेक बाजूला सारत त्यांनी मोजले, जसे आम्ही लहानपणी सारीपाटाला मोजत असू. थांबून पुन्हा एकदा मोजले.

"सहा," ते म्हणाले. "सहा लिही." चिंचोके डाव्या खिशात टाकले आणि पुढच्या टीकडे चालू लागले.

मामा पाणी प्यायला थांबले तेव्हा मी गुरूंना गाठले. माझ्या बेळगावी कानडीत म्हणाले, "छलो ऐडिया माडीरि." माझ्या त्या "री"ला ते आधी हसले, बेंगळूरच्या माणसाला आपल्या कानडीची गंमत वाटतेच. मग मान हलवून म्हणाले, मी नाही, साहेबांनीच केले. मागे एकदा कुणीतरी काही बोलल्याचे मामांना समजले होते. घरी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत चिंचोके घेऊन आले आणि म्हणाले, गुरू, माझ्या ध्यानात राहत नाही आता. प्रत्येक फटक्याला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकीन. टाकायचाही विसरेन, म्हणून तू खिशावर थाप मार. पण आकडा सांगायचा नाही. आकडा मीच सांगणार.

म्हणून गुरू पटर पुसत होते.

उरलेले तीन होल मी काय खेळले ते मला आठवत नाही. कार्डावर सात, सहा, आठ असे लिहिलेले आहे. पार तीनच्या एका छोट्या होलवर मामांचा चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन ग्रीनवर अलगद टेकला आणि त्यांनी आमच्याकडे न बघता काठी गुरूंच्या हातात दिली. संध्याकाळ होत आली होती. रेन ट्रीची पाने मिटायला लागली होती. ती ऊन उतरले की मिटतात, आभाळ भरून आले तरी मिटतात. शेवटच्या होलला मामांनी चिंचोके मोजले, चार. ते मनातून बोलले होते तेही चार. त्याचा त्यांना केवढा आनंद झाला!

घरी आलो तेव्हा मामी दारातच. मामा हातपाय धुवायला गेल्याबरोबर कुजबुजल्या, "हेळिदेनवा?"

मी म्हटले, मामी, आधी बसा. आणि त्यांना चिंचोक्यांचे सांगितले. मामी ऐकत राहिल्या. डॉक्टरांच्या कागदावर त्या चिंचोक्यांची नोंद होती, मामींनीच सांगून करवलेली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. आकड्याचे ठीक आहे, पण उन्हाचे काय? वाट चुकले तर? जाणार कशाने?

या प्रश्नांना माझ्याकडे सोपी उत्तरे नव्हती. आजार थांबणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले आहे. चिंचोके कशासाठी होते तेच मामा एक दिवस विसरतील, आणि त्या दिवशी मैदान सोडावे लागेल. तो दिवस कोण ठरवणार, यावर आम्ही रात्री जेवणानंतर तिघे बसून बोललो. मामा चिडतील असे वाटले होते. ते म्हणाले, "गुरू सांगेल. त्यानं सांगितलं की बंद." मामींनी त्यात एक अट घातली, गुरूंचा मोबाइल नंबर फ्रिजवर चिकटवायचा. आणखी ठरले ते असे: आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, दुपारी तीननंतर, नऊच होल. जायचे रिक्षाने आणि रिक्षावाला ओळखीचा. चौकडीतल्या त्या गृहस्थांना कोणी काही सांगायचे नाही, हे मामांचे म्हणणे. मला ते अजून पटलेले नाही.

सुट्टी संपवून मी बेळगावला परतले. पुढच्या बुधवारी रात्री मामींचा फोन आला. त्या स्वतः बरोबर गेल्या होत्या. चार होल चालल्या, मग एका झाडाखाली बसून राहिल्या. खेळ काही कळला नाही म्हणाल्या, एवढ्याशा भोकासाठी एवढे चालायचे कशाला. पण यांना सगळी झाडे नावाने ठाऊक आहेत, हे त्यांना लग्नाला पंचेचाळीस वर्षे होऊनही माहीत नव्हते. चप्पल घालून गेल्यामुळे पाय दुखत होते. शनिवारी कापडी बूट घ्यायला जाणार होत्या. आणि चिंच साफ करताना आता चिंचोके वेगळ्या डब्यात टाकतात, त्यातले किडके निवडून.